आपापला भात

एका छपराखाली जेवणारा समाज कधी फुटत नाही. देवरीला महामार्गालगत फूड कोर्ट सुरू झालं, तेव्हा उद्घाटनाच्या पाहुण्यांनी हे सांगितलं. जेवायला मात्र ते थांबले नाहीत.

आत ओळीने दुकानं आणि मध्ये सगळ्यांची मिळून टेबलं. एक दुकान माझ्या आईचं. पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि भात.

भात रोज उरायचा. आमचा मुलूख धानाचा. इथला माणूस कुणाच्याही हातचा रस्सा ओरपेल, पण भात त्याला स्वतःच्या बांधीतला, म्हणजे स्वतःच्या धानाच्या शेतातला लागतो. बसमधून उतरलेले शेतकरी घरून फडक्यात बांधून आणलेला भात टेबलावर सोडत आणि नुसता रस्सा मागत. शेवटी आईने भात शिजवणंच बंद केलं, तसं गिऱ्हाईक वाढलं. दुकान तगेल असं वाटू लागलं, आणि फूड कोर्टाच्या मॅनेजरने फलक लावला: ‘बाहेरचे अन्न खाण्यास मनाई.’

‘‘गेलं आपलं दुकान,’’ आई म्हणाली.

दुपारी मॅनेजर फडकं सोडणाऱ्या एका म्हाताऱ्यासमोर उभा राहिला. ‘‘बाबाजी, घर का खाना नहीं चलेगा. भात आमच्या काउंटरवर घ्या.’’

‘‘कोन्या बांधीतला हाय?’’

‘‘क्या?’’

‘‘तुमचा भात जी. कोन्या बांधीतला?’’

‘‘होलसेलवाल्याकडून येतो.’’

‘‘भाताचं गाव माहीत नाही, अन् मले खायले सांगून राहिले!’’

पलीकडच्या टेबलावरची बाई वळली. ‘‘काऊन दमदाटी करता म्हाताऱ्याले? आम्ही उठलो त रस्सा कोन खाईल, तुमचा फलक?’’

सगळी टेबलं हसली. उठलं कुणीच नाही. म्हाताऱ्याने भाताचा एक घास समोरच्या अनोळखी माणसाच्या ताटात ठेवला. ‘‘पाहा खाऊन. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावरचा हाय.’’

त्या माणसाने सावकाश चावला. ‘‘बरा हाय. आमच्याएवढा नाही.’’ आणि आपला एक घास म्हाताऱ्याला वाढला.

मग टेबलाटेबलांवर हेच सुरू झालं. प्रत्येकाने दुसऱ्याचा भात चाखला, नावं ठेवली, पुन्हा थोडा मागून घेतला. आईचं पातेलं दुपारीच रिकामं झालं. आपल्या मुलखाचा एवढा अभिमान मला कुठल्याही भाषणाने वाटलेला नाही.

संध्याकाळी फलक उतरला. आईचं दुकान पुढे कितीतरी वर्षं चाललं.

मॅनेजरने पुढच्या आठवड्यात लोकांचा भात गरम करून द्यायचा काउंटर उघडला. त्याची रांग आईच्या रांगेपेक्षा कायम लांब असायची.