विमला घाडीचे लोखंडी बूट

एके काळी माझी चाल पाहायला लोक तिकीट काढायचे. संगीत नाटक कंपनीत मी नायिकेची कामं करायचो. शालू, नथ, अंबाडा, आणि विंगेतून पुढे टाकलेली पहिली सात पावलं. त्या सात पावलांवर आमच्या कंपनीने सांगली-मिरजेकडे बरीच वर्षं पोट भरलं. हे बढाई म्हणून सांगत नाही. भांडुपच्या विमला घाडीने मला जे सुनावलं ते समजायला एवढं ठाऊक असावं लागतं.

साल छप्पन्न. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. वडील गुणाजी घाडी गिरणीत साचेवाले, मूळचे कणकवलीकडचे. विमला चार वर्षांची असताना गावी तिला ताप आला, आणि तो उतरला तेव्हा दोन्ही पाय गेले होते. पुढची पंधरा वर्षं ती हातांवर सरकत फिरली. खोलीत, चाळीच्या जिन्यावर, नळाच्या रांगेत. रांगेत कुणी तिच्या डोक्यावरून हंडा पुढे लावला, तर ती त्या बाईची पोटरी धरून ठेवायची आणि सोडायची नाही. चाळ तिला भ्यायची. तिला ते आवडायचं.

एकोणिसाव्या वर्षी तिला बूट मिळाले. नुसते बूट नव्हेत. मांडीपर्यंत दोन्ही बाजूंनी लोखंडी सळ्या, गुडघ्याशी अडकवायची कडी, प्रत्येक पायाला चार चामडी पट्टे आणि खाली जाड तळाचा बूट. ते चढवायला अर्धा तास लागायचा. पहिल्यांदा ती काठी टेकून उभी राहिली तेव्हा आपली मुलगी आपल्यापेक्षा चार बोटं उंच आहे, हे गुणाजीला कळलं. चालायला शिकण्यात सात महिने गेले. मग भांडुपच्याच एका औषधाच्या कारखान्यात तिला काम लागलं, पहिल्या मजल्यावर, बाटल्यांना लेबलं चिकटवायचं. तिथले मुकादम मार्तंडराव. त्यांना तिने एवढंच सांगितलं होतं की पाय जरा अधू आहेत. लुगड्याखालून बुटाची टोकं तेवढी दिसत. बूट काढले तर ही बाई उभीच राहू शकत नाही, हे तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं. कामाला पाच महिने झाले होते आणि सोमवारी कायम करायच्यांची यादी लागणार होती.

आता माझा भाग.

बूट दिले होते मुलुंडच्या पंगू साहाय्यक मंडळाने. मंडळाच्या चिटणीस पद्मजाबाई, वकिलांच्या पत्नी. बाई उन्हातान्हात दारोदार हिंडून मदत गोळा करायच्या, तेवढं श्रेय त्यांचं. कंपनी बुडाल्यावर मी मुलुंडला राहून शाळांची नाटकं बसवायचो, म्हणून मंडळाच्या मदतीच्या खेळाचं काम माझ्याकडे यायचं. आदल्या वर्षी मध्यंतरात टेबल मांडून कुबड्या, बूट, ढकलगाड्या वाटल्या होत्या. प्रेक्षक उठून चहाला गेले. मला ते फार लागलं.

"बाई," मी म्हणालो, "वस्तू वाटू नका. प्रसंग करा."

आणि प्रसंग मी रचला. पडदा वर जातो. रिकामा रंगमंच. पेटीवर मंद सूर. विंगेतून एक मुलगी हातांवर सरकत येते. अध्यक्ष तिला बूट देतात. पडदा पडतो. एक भजन होतं. पडदा पुन्हा वर जातो आणि तीच मुलगी चालत पुढे येते. ऐकतानाच पद्मजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पण नव्याने बूट मिळालेला माणूस एका भजनात चालू लागत नाही. त्यासाठी आधीच चालायला शिकलेलं कुणीतरी हवं होतं. म्हणून विमला.

गुरुवारी संध्याकाळी पद्मजाबाईंचा माळी धोंडू भांडुपला गेला आणि "दुरुस्तीला न्यायचेत" असं सांगून बूट घेऊन आला. आम्ही त्यांना तेलपाणी केलं, लाल रेशमात गुंडाळलं आणि पद्मजाबाईंच्या बंगल्यावर असलेल्या माझ्या सामानाच्या ट्रंकेत ठेवलं. किल्ली माझ्या कमरेला. दुरुस्तीची थाप मला ठाऊक होती. शुक्रवारी विमलाचा खाडा पडला. शनिवारी दुसरा पडणार होता. तिसऱ्या खाड्याला कारखान्यात नाव कापत.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या सभागृहात तालीम. गुणाजीने तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून आणलं आणि रंगमंचाच्या कडेला ठेवलं.

"बूट खंय?" त्याने विचारलं.

"मिळतील हो. रविवारी, अध्यक्षांच्या हातून," पद्मजाबाई म्हणाल्या.

"रविवारी कशाला?" विमला म्हणाली. "दुरुस्त झाले ना?"

तेव्हा मी प्रसंग समजावला. नुसता समजावला नाही, जमिनीवर बसून करून दाखवला. हात पुढे, कंबर मागून ओढायची, चेहरा प्रेक्षकांकडे, नजर खाली. बऱ्याच वर्षांनी अंगात काम शिरलं होतं. पद्मजाबाई "अगंबाई!" म्हणाल्या. विमला हसली, आणि ते हसणं ओळखून गुणाजी दोन पावलं मागे झाला.

"झकास! मास्तर, तुम्ही बायांची कामं करायचात ना?"

"हो."

"मग पांगळीचं पण तुम्हीच करा. माझ्यापेक्षा बरं करता. मी पंधरा वर्षं केलं, मला कोणी टाळी नाय दिली."

"अगं, पाच मिनिटांचा तर प्रश्न," पद्मजाबाई समजुतीने म्हणाल्या. "तुमच्या कारखान्याने साठ तिकिटं घेतलीत. मार्तंडराव दुसऱ्या रांगेत असतील. किती अभिमान वाटेल त्यांना तुझा!"

"मार्तंडराव येणार?"

"तर!"

"मग मुळीच नाय. त्यांनी मला जमिनीवर बघितलं की सोमवारी यादीत माझं नाव नाय."

"अगं, ते काय राक्षस आहेत?"

"मुकादम आहेत."

गुणाजी हळूच म्हणाला, "बाय, पाच मिनटांचा काम. करून टाक आणि मोकळी हो."

"तू करतलंस?"

गुणाजीने खाली पाहिलं. पद्मजाबाईंचा आवाज मात्र बदलला. "बूट मंडळाची मालमत्ता आहेत, एवढं लक्षात ठेव. कागदावर तुझ्या वडिलांचा अंगठा आहे. उपकाराची जाण म्हणून नाही या लोकांना."

"उपकार होता तर परत कसा घेता? उसना दिलेला काय?"

तालीम तिथेच मोडली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पद्मजाबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दुपारी चारच्या सुमाराला धोंडू धापा टाकत माझ्याकडे आला. "मास्तर, ट्रंकेची किल्ली घेऊन चला. पण कुणाला देऊ नका. बाईंनी सांगितलंय."

बंगल्याशी पोचलो तर फाटकात बायकांचा घोळका, जरीच्या साड्या, हातात वाणाचे करंडे, आणि कुणी आत जाईना. गुणाजीने विमलाला दाराच्या उंबरठ्यावर बसवलं होतं आणि तो पाळीला निघून गेला होता. एका चौकटीला पाठ, पाय पसरून दुसऱ्या चौकटीपर्यंत, मांडीवर काठी. बसलेल्या माणसाला ओलांडू नये, हे काय बायकांना शिकवायला लागतं? बाहेरच्या बाहेर, आतल्या आत.

"धोंडू, हिला उचलून बाजूला ठेव," पद्मजाबाई आतून म्हणाल्या.

"ये धोंडू," विमला म्हणाली. "गुरुवारी थाप मारून माझे बूट नेलेस. आज हात लावून बघ."

धोंडू झाडांना पाणी घालायला गेला.

मग बाईंनी चांदीच्या वाटीतून तिळगूळ पुढे केला. "घे. सणाचा दिवस आहे. घे आणि ऊठ."

"तोंड गोड करून पाय चालत नायत. बूट द्या, उठते. नायतर मला उठता येत नाय. तुमच्या अहवालात छापलंय तसं."

बायकांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. पद्मजाबाईंचे कान लाल झाले. "अहो मास्तर, तुम्ही तरी सांगा हिला!"

मी विमलासमोर उकिडवा बसलो. मला खरोखर वाटत होतं की मी तिची समजूत घालू शकेन. "विमला, एक प्रसंग. मी जन्मभर सोंगं केली. माझं काही बिघडलं का?"

"तुमचं लुगडं खेळ संपल्यावर ट्रंकेत जायचं, मास्तर. मग तुम्ही धोतर नेसून घरी. मी ह्यातनं निघून कुठे जाऊ?"

मी उठून बाजूला झालो.

तेवढ्यात आतल्या एक थोराड बाई पुढे आल्या. "घरी सून एकटी आहे," असं पुटपुटल्या, निऱ्या हातभर वर धरल्या आणि सरळ विमलाचे पाय ओलांडून गेल्या. ओलांडलेल्या माणसाची वाढ खुंटते म्हणतात. हिची आणखी काय खुंटायची, असं त्यांना वाटलं असेल. मग दुसरी गेली. मग दोघी बाहेरून आत आल्या, एकमेकींचा हात धरून, चिखल चुकवावा तशा. विमला हलली नाही. फक्त तिने पाय हाताने उचलून थोडे जवळ घेतले, कुणाची टाच लागू नये म्हणून.

मी किल्ली काढली.

"मास्तर," पद्मजाबाई म्हणाल्या, "ट्रंक उघडलीत तर मंडळाशी तुमचा संबंध संपला."

मी उघडली. ते काही शौर्य नव्हे. पाचवी बाई निऱ्या सावरत होती आणि मला तो देखावा पुन्हा पाहायचा नव्हता, एवढंच.

विमलाने बूट घेतले, वरचं रेशीम माझ्या अंगावर फेकलं आणि तिथेच, उंबरठ्यावर, बूट चढवायला बसली. अर्धा तास. हळदीकुंकू थांबलं होतं. मी एक पट्टा धरायला गेलो तर तिने काठी माझ्या मनगटावर मारली. "हात काढा." गुडघ्याच्या कड्या अडकल्या. ती चौकट धरून उठली, आणि पद्मजाबाईंना मान वर करून तिच्याकडे पाहावं लागलं.

"तुझं नाव मी आजच्या आज काढणार," बाई म्हणाल्या. "पट्टा तुटला तर इकडे फिरकू नकोस."

"सुतळी बांधीन."

आणि बांधली असेल, मी सांगू शकतो. पुढे तिचे पट्टे भांडुप स्टेशनबाहेर घोड्याचे साज शिवणारा एक म्हातारा बदलून द्यायचा. त्या बुटांवर, आणि ते झिजल्यावर स्वतःच्या पगारातून करवलेल्या दुसऱ्या जोडावर, तिने कारखान्यात तेवीस वर्षं काढली. मंडळाच्या दारात ती पुन्हा गेली नाही.

त्या दिवशी मी टांगा थांबवून तिच्या मागे धावलो. "विमला, स्टेशनपर्यंत तरी."

"मागनं येऊ नका," ती न वळता म्हणाली. "चाल बघायचीय ना? तिकीट काढा."

इथे मी थांबलो असतो तर माझी बाजू बरी दिसली असती. पण रविवारी खेळ झाला आणि प्रसंगही झाला. पद्मजाबाईंनी शनिवारीच कांजूरहून शुभा नावाची नऊ वर्षांची मुलगी शोधून काढली होती. तिच्या आईने विचारायच्या आत होकार दिला. मंडळाशी संबंध संपला म्हणालेल्या बाई सकाळी माझ्या दारात आल्या, "मास्तर, तुमच्याशिवाय कोण बसवणार?" म्हणाल्या, आणि मी गेलो. शुभाला चालता येत नव्हतं, म्हणून शेवट बदलला. ती बूट छातीशी धरते आणि पडदा. टाळ्या इतक्या झाल्या की कंपनी सुटल्यापासून तशा ऐकल्या नव्हत्या. अध्यक्षांनी मला शाल दिली. कारखान्याच्या बायकांमध्ये विमला बसली होती, बूट घालून, मार्तंडरावांच्या मागच्या रांगेत. सगळं सभागृह त्या पोरीकडे पाहत होतं. विमला विंगेकडे पाहत होती, जिथे मी उभा होतो.

सोमवारी सकाळी सात वाजता मी कारखान्याच्या फाटकाशी गेलो. यादी फळ्यावर लागली होती. बायका तिच्याभोवती दाटल्या होत्या, आणि विमला मागून सगळ्यांच्या डोक्यांवरून वाचत होती. तिचं नाव होतं. तिने ते दोनदा वाचलं असावं, कारण ती लगेच हलली नाही. मग तिला मी दिसलो.

"अभिनंदन, विमला," मी म्हणालो.

"त्या पोरीला तालमीत किती वेळा सरकवलंत?"

"चार."

"ढोपरं सोलली?"

मी म्हणालो, "एक."

तिने पहारेकऱ्याला हाक मारली. "चंद्रप्रकाश! हा मंडळाचा माणूस. फाटकाच्या आत घ्यायचा नाय."

पहारेकऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फाटकाचा एक दरवाजा ओढून घेतला. "काय काम आहे?"

"काही नाही," मी म्हणालो.

भोंगा झाला. बायका जिन्याकडे धावल्या. विमला सगळ्यांच्या मागून गेली, काठी वरच्या पायरीवर, मग एक बूट, मग दुसरा. लोखंडाचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येत राहिला, आणि मग बाटल्यांच्या खणखणाटात तो वेगळा ऐकू येईना.