जयंतीचं मानपत्र

मला आमच्या लोकांचा वीट आलाय, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मी काही निःपक्षपातीपणे लिहीन अशी आशा कुणी ठेवायला नको. आणि त्या लोकांत मीही आले. कॅनडात, टोरोंटोच्या एटोबिको भागातल्या आमच्या मराठी मंडळाची मी चौदा वर्षं चिटणीस आहे. पत्रकं, आभार, मानपत्रं सगळी माझ्याच हातची.

जयंती गुरव कराडची. तिथल्या एका छोट्या हॉस्पिटलात अकरा वर्षं नर्स होती. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, मुलगी गौरांगी यंदा बारावीला. तीन वर्षांपूर्वी प्राध्यापक शरदचंद्र आठल्ये आणि उल्काताई या जोडप्याने तिला इथे आणलं, सरांच्या त्र्याण्णव वर्षांच्या आईला, माईंना, सांभाळायला. कामाच्या परमिटवर या घराचंच नाव. म्हणजे काम करायचं ते इथेच, दुसऱ्याकडे भांडं घासलं तरी बेकायदा. पासपोर्ट उल्काताईंच्या कपाटात, 'सेफ्टीसाठी'.

माईंची अंघोळ, औषधं, डायपर हे तिचं काम. ते ती मनापासून करायची आणि माईंचाही तिच्यावर जीव. पण वर अख्ख्या घराचा स्वयंपाक, लाँड्री, आणि बर्फ पडला की फावड्याने ड्राइव्हवे साफ करायलाही तीच. राहायला बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारची खोली. "आमच्या घरचीच आहे हो ती," उल्काताई येईल त्याला सांगायच्या. घरच्या माणसाला सगळ्यांचं उरकल्यावर उरलंसुरलं जेवायला बसवतात, हे मला त्यांच्याकडेच कळलं.

जयंतीला एकच गोष्ट हवी होती. दोन वर्षं काम पुरं झालं की तिला कायमच्या वास्तव्यासाठी अप्लाय करता येणार होतं, आणि मग नवरा-मुलगी इकडे. त्यासाठी मालकाचं एक पत्र लागतं: कधीपासून काम करते, आठवड्याला किती तास, काय काय करते, खाली सही. एक पान! मार्चमध्ये अर्ज उघडणार होते आणि काही तासांत जागा भरतात हे सगळ्यांना माहीत होतं. मे महिन्यात तिचं परमिट संपत होतं. हा मार्च हुकला की परत कराड. अकरा महिने ती ते पान मागत होती आणि अकरा महिने तिच्या तोंडाला पानं पुसली जात होती. बघू, करू, सरांना जरा वेळ मिळू दे.

जानेवारीत मंडळात सरांचं व्याख्यान झालं. विषय त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा: वसाहतीच्या काळातल्या अमेरिकेतले करारबद्ध नोकर. बोलले सुंदर, त्यात वाद नाही. जहाजाच्या भाड्यापायी माणूस सात सात वर्षं मालकाच्या घरी बांधला जायचा. कागद मालकाच्या ताब्यात. मुदत संपली तरी मालक काहीतरी खुसपट काढून सोडायचे नाहीत. पळाला तर वर्षं वाढायची. "आणि शेजाऱ्याकडे काम निघालं," सर म्हणाले, "तर मालक आपला नोकर चार दिवस उसना द्यायचा. एखादं भांडं द्यावं तसा!"

"बाई बाई, काय अमानुष लोक!" पहिल्या रांगेतून उल्काताई म्हणाल्या, आणि मागे न बघताच रिकामा कप वर धरला. जयंतीने तो घेतला.

गेल्या गणपतीत मीच उल्काताईंना फोन केला होता, "तुमची जयंती दोन दिवस द्याल का?" दोनशे मोदक तिने माझ्या किचनमध्ये उभ्याने वळले. तिच्या कळ्या किती सुबक म्हणून मी तोंड भरून कौतुक केलं आणि वर डबाभर मोदक उल्काताईंकडे पाठवले. तिच्यासाठी नाही. शी! माझी मलाच किळस आली.

पार्किंगमध्ये मी सरांना गाठलं. "सर, जयंतीचं पत्र तेवढं द्या की."

"अहो अवंतिकाबाई, आपल्या माणसात कागद कसले?" ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पत्र दिलं की ती जाणार. माईंचं काय करू मी?"

तासाभरापूर्वी हाच माणूस माइकसमोर गळा भरून आला म्हणून पाणी प्यायला होता! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की गाडीची चावी मला सापडेना.

पण या लोकांना मी चौदा वर्षं ओळखते. पत्र मागितलं की यांना धाप लागते, सत्कार म्हटलं की लगेच तयार. मी उल्काताईंना सुचवलं, वर्धापनदिनाला जयंतीचा सत्कार करू. मानपत्र मंडळाचं नको, तुमच्या कुटुंबाचं, तुमच्या लेटरहेडवर. त्या एवढ्या खुलल्या की साडीचा रंगसुद्धा फोनवरच ठरला. मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून आमची मानपत्रं दोन्ही भाषांत असतात. मराठीत मी 'सेवाव्रती' आणि 'मायेची सावली' वगैरे भरपूर ओतलं. खाली इंग्रजीत मात्र नोकरी लागल्याची तारीख, आठवड्याचे साठ तास, एकेक काम, सरांचा पत्ता आणि फोन. एक अक्षर खोटं नाही.

मंडळाचे अध्यक्ष म्हणून सरांनी आजवर कमीत कमी चाळीस मानपत्रांवर सह्या केल्यात. वाचलेलं एकही नाही. इंग्रजी भाग त्यांच्या नातवाने, तनयने, स्टेजवर खणखणीत वाचला. "सिक्स्टी अवर्स अ वीक" आलं तेव्हा टाळ्या पडल्या. हो, साठ तासांना टाळ्या! सरांनी फाउंटन पेनने झोकात सही ठोकली. उल्काताईंनी डोळे टिपले, फोटो निघाले.

शाल पांघरून जयंती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "ताई," ती हळूच म्हणाली, "ही सरांना मागच्या वर्षी मिळालेली शाल आहे. सकाळी मीच इस्त्री केली."

"शाल मरू दे. कागद सांभाळ," मी म्हटलं.

इमिग्रेशनचं काम बघणाऱ्या नंदनने तो कागद दोनदा वाचला. "मावशी, हे चक्क एम्प्लॉयमेंट लेटर आहे. फक्त फ्रेममधून बाहेर काढा." पासपोर्ट मागायला मी स्वतः गेले. पोलिसांना घेऊन येऊ का विचारलं, तर दोन मिनिटांत हातात आला. मार्चमध्ये पहिल्याच तासात जयंतीचा अर्ज गेला, घेतला गेला, आणि त्यावर तिला दुसरीकडे काम करायचं परमिटही मिळालं. ऑगस्टपासून ती एका नर्सिंग होममध्ये काम करते. दर रविवारी माईंना भेटायला गेली की उल्काताई तिला मागच्या दाराने घेतात.

सप्टेंबरमध्ये कार्यकारिणीची बैठक होती. सरांनी चष्मा पुसत एक 'छोटीशी सूचना' मांडली: यापुढे मंडळाच्या कोणत्याही मानपत्रात तारखा, तास आणि कामाचा तपशील असू नये. "भावनेचा बाजार होतो," म्हणाले.

चर्चा होईल असं मला वाटलं होतं. कुणी विचारेल, का हो सर? पण एकवीसपैकी नऊ हात ताडकन वर गेले, बाकीचे तटस्थ, ठराव पास. एरवी समोशाच्या ठरावाला अर्धा तास घालवणारी माणसं! त्या नऊ घरांत मी जेवलेय. प्रत्येक घरी आतून गरम पोळी यायची, आणणाऱ्या बाईचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी इतिवृत्तात ठराव लिहिला. खाली त्या नऊ जणांची नावं लिहिली. मग वही मिटली आणि तिथूनच पहिल्या घरी गेले, दाराची बेल वाजवून पोळी आणणाऱ्या बाईचं नाव विचारायला.