वहिनींनी आणलेलं नाणं

हे मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही प्रभाकरला ओळखत नाही, सुधावहिनींना तर नाहीच — ओळखत असता तर माझी जीभ रेटली नसती.

प्रभाकर आणि मी नॉटिंगहॅमच्या एकाच हॉस्पिटलात. तो हाडांचा सर्जन, मी एक्स-रे आणि स्कॅन बघून रिपोर्ट देणारा. दोघांनाही जुन्या नाण्यांचं वेड — म्हणजे शिवराईचं; त्यापलीकडे आमचं ज्ञान यथातथाच. पण चर्चच्या हॉलमध्ये जमणाऱ्या आमच्या नाणेमंडळात माझा शब्द चालायचा. मला ते आवडायचं. कोणाला आवडणार नाही?

प्रभाकरच्या साठीला वहिनी एकट्या ट्रेनने लंडनला गेल्या, नाण्यांच्या प्रदर्शनात दिवसभर फिरल्या आणि त्याच्यासाठी चांदीचं एक नाणं घेऊन आल्या. चांगलं रुंद, पण पातळ. एका बाजूला मुकुट घातलेला इराणी राजा आणि त्याच्या कडेला बारीक अरबी अक्षरं — 'बिस्मिल्लाह'. दुसऱ्या बाजूला अग्नीची वेदी, तिच्या दोन्ही अंगांना दोन माणसं उभी. मंडळात ते दाखवायला त्या स्वतः हौसेने आल्या होत्या.

मी भिंग लावलं आणि हसलो. अग्निपूजकांची वेदी आणि अल्लाहचं नाव एकाच नाण्यावर? म्हटलं, नकली आहे, बनवणाऱ्याने खिचडी केलीय. वहिनी हळूच म्हणाल्या, "पण तो विकणारा म्हणत होता, सुरुवातीला असंच असायचं." मी म्हणालो, "विकणारा दुसरं काय म्हणणार, वहिनी?" सगळा हॉल हसला. त्याही हसल्या. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले होते — दिसले नाहीत असं म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सहज एक पुस्तक उघडलं. वहिनींचं खरं होतं. इराण जिंकल्यावर अरबांनी कितीतरी वर्षं तीच नाणी पाडली — तोच जुना राजा, तीच वेदी. लोकांचा भरवसा त्या चेहऱ्यावर होता ना! नव्या राज्यकर्त्यांनी कडेला फक्त आपल्या देवाचं नाव घातलं. पुस्तकातलं चित्र वहिनींच्या नाण्याचा सख्खा भाऊ शोभत होतं.

हॉस्पिटलात रिपोर्ट चुकला तर मी त्याच दिवशी फोन करून दुरुस्त करायचो. त्याची कधी लाज वाटली नाही. मग इथेच काय झालं? हॉलमधले ते चेहरे आठवले. म्हटलं, सांगू उद्या.

आमच्या मंडळाचा एक रिवाज होता — खोटं नाणं सापडलं की त्याला भोक पाडायचं, पुढे कोणी फसायला नको. त्या शनिवारी प्रभाकरचा फोन आला. "नक्की ना रे? सुधाने आणलंय... पाडू?"

आता तरी बोलायला हवं होतं ना? पुस्तक समोरच होतं, टेबलावर. मला ठाऊक होतं. पूर्ण ठाऊक होतं.

मी म्हणालो, "पाड."

भोक राजाच्या गालातून गेलं. सर्जनचा हात — अगदी सुबक. प्रभाकर चिडला वगैरे नाही, उलट वर्षानुवर्षं लाडाने चिडवायचा, "आमच्या हिची खरेदी!" वहिनी हसायच्या. पण आमच्या सगळ्यांच्या घरचे पडदे, लग्नाच्या साड्या ज्यांच्या पसंतीने यायच्या, त्या वहिनी हळूहळू काही निवडेनाशाच झाल्या. "मला काय कळतंय," म्हणायच्या. दर गणपतीला मी ते ऐकायचो — आणि मोदक खायचो.

मागच्या वर्षी प्रभाकर गेला. बायकोने आणलेलं नाणं खरं होतं, हे त्याला कळलंच नाही.

परवा वहिनींचा फोन आला. नात डॉक्टर झाली, तिला चांदीचं काहीतरी द्यायचंय. दुकानात जाऊन त्या रिकाम्या हाताने परत आल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्हीच निवडा हो भाऊजी, माझ्या नजरेचा काही भरवसा नाही."

मी गेलो. निवडलं. त्यांनी माझे आभार मानले, आणि मी ते घेतले.