सिग्नल पडला नव्हता

आमच्या नातेवाइकांत अजूनही बोललं जातं, की माझी थोरली बहीण आईला न भेटता निघून गेली. ते अर्धंच खरं. ती भेटायला निघाली होती. मी तिला जाऊ दिलं नाही.

वडील रेल्वेत होते. सोलापूर स्टेशनच्या मागेच आमचं क्वार्टर. फलाटाच्या टोकाच्या बाकावरून आमच्या दोरीवरचे कपडे दिसायचे. गाडी यायच्या आधी सिग्नलचा हात खाली पडतो, हे तिथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच कळायचं.

अक्काचं मन एका तेलुगू विणकराच्या मुलावर जडलं होतं. तो भिवंडीला यंत्रमागावर कामाला लागला होता. घरात हे कधीच चाललं नसतं. म्हणून एका दुपारी तिची पिशवी मी मागच्या दारानं बाहेर काढली. "शेजारी जाऊन येते," म्हणून ती निघाली. आई ज्वारी निवडत होती, तिनं मानही वर केली नाही.

स्टेशनवर कळलं, गाडी तासभर लेट. अक्का बाकावर बसली. आम्हाला कोणी एकत्र पाहू नये म्हणून मी पुस्तकांच्या गाड्याआड उभा राहिलो. थोड्या वेळानं तीच माझ्याकडं आली.

"पळत जाऊन आईच्या पाया पडून येते रे."

"येडी का? रडाय लागली म्हणजे सोडंल का ती तुला?"

"नाही सोडलं तर राहीन की."

"गाडी आऊटरला आलीय, शिरंलच आता. जा, बस तिकडं."

मला तिच्या संसाराची काळजी नव्हती. पिशवी कोणी काढली ते आईला कळेल, एवढीच भीती होती. अक्कानं सिग्नलकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि जाऊन बसली.

संध्याकाळी चहावाल्यानं आईला सांगितलं, पोरगी तासभर बाकावर बसली होती. तेच आईच्या जिव्हारी लागलं. "शेजार लई लांब निघाला की तिचा," ती म्हणायची. "तासभर बसली, आन् घर दिसलं न्हाई." पुढं अक्का लेकीला घेऊन आली, तेव्हा आई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. मी दारातच होतो. तेव्हाही बोललो नाही.

आता दोघीही नाहीत.

परवा भाची आली. तिला घ्यायला स्टेशनवर गेलो. क्वार्टर केव्हाच पाडलंय, तिथं मोटारसायकली लागतात.

"मामा, आजीचं घर कुठं होतं?"

मी बोट दाखवलं.

"एवढ्या जवळ?"

मग फलाटावरच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"माझ्या आईला ठाऊक होतं, मामा. सिग्नल पडला नव्हता म्हणायची. पण तुम्ही लई घाबरला होता म्हणे."

तिची बॅग घ्यायला मी हात पुढं केला. तिनं ती स्वतःच उचलली.

नातेवाइकांना आता मी एकेकाला गाठून हे सांगतोय. आईला तेवढं सांगायचं राहिलं.