हँडलला बांधलेलं फडकं

येष्टी तेरच्या स्टँडवरून हलली तेव्हा माझ्या मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं आणि नजर खिडकीबाहेर, शाळेमागच्या मैदानावर. तिथं चुन्यानं आखलेल्या गोल रिंगणात माझा चुलत भाऊ माणिक माझ्याच सायकलीवर फेऱ्या मारत होता. मी हात हलवला. त्यानं सायकल थांबवली नाही, पाय टेकला नाही. नुसती घंटी वाजवली, दोनदा. सरावातसुद्धा पाय टेकायचा नाही, हा नियम मीच त्याला घालून दिला होता. तरी माझं डोकं फिरलं. भाऊ परमुलखाला चाललाय आणि ह्याला खाली उतरवत नाही? खरं सांगायचं तर राग त्याचा नव्हताच. रिंगण माझं, सायकल माझी, आणि फिरत होता तो.

आई खिडकीशी उभी राहून सांगत होती, "गौतम, कंपनीत कुणाशी भांडू नगंस. अन् कुणाचं बघून जळू नगंस. तुला लई वाईट खोड हाय ती." सगळ्या येष्टीनं ऐकलं. पोराला निरोप देताना दुसऱ्या आया काय काय सांगतात, आणि आमची ही!

हे मी लिहितोय ते आमच्या वस्तीतल्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखे जे भाकरीमागं पिंपरी, ठाणं, सुरत गाठून बसले त्यांच्यासाठीही. त्या सकाळीला आता बारा-तेरा वर्षं झाली. पिंपरीत मला क्वार्टर आहे, नळ आहे, बायको आहे, दोन पोरी आहेत. पण कुणी सायकलीची घंटी दोनदा वाजवली की अजून मी वळून बघतो.

तो बहात्तरचा दुष्काळ. बाप आणि चुलता रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची. घरी रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी, गरम होत्या तोवर भाकरी, गार झाल्या की गावच्या जुन्या पांढरीच्या टेकाडात सापडतात तसल्या खापऱ्या. तेही चाललं असतं. पण वस्तीची विहीर आटली. गावातल्या विहिरीला पाणी होतं, पण तिथं आमच्या बायांनी घागरी खाली मांडून उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. धम्म घेऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, घागर मात्र अजून खालीच होती. आई तासतास तिथं उभी राहायची.

वस्तीच्या तरुण मंडळानं ठरवलं, आपली हीर आपणच खोल करायची. माती हातानं उपसली असती, पण खाली काळा पाषाण. सुरुंगाशिवाय तो हलणार नव्हता आणि वर्गणीशिवाय सुरुंग नव्हता. दुष्काळात वर्गणी मागायची कुणाकडं? सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले, आणि तोड काढली ती मी. हे मी आज छाती ठोकून सांगतो, कारण पुढं ते सगळे विसरले.

मी मामाकडं मुरुमला गेलो होतो, तिथं बाजारात एक सायकलवाला उस्ताद आला होता. पाच दिवस, पाच रात्री सायकलीवरून उतरायचं नाही असा त्याचा खेळ. आंघोळ सायकलीवर, दाढी सायकलीवर, चहा सायकलीवर. पडद्याआड जायचा तेव्हाही म्हणे एक पाय पायडलवरच. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि परत बघायला यायच्या. ज्यांच्या घरात दाणा नव्हता तेही काहीतरी टाकून जायचे. मी दोन दिवस त्याला पाणी आणून दिलं, पाठ चोळून दिली. तेव्हा कुठं त्यानं मला जवळ बोलावून पोटातली गोष्ट सांगितली. "पाव नै मरता बेटा, पंजा मरता. तिसरे दिन उंगलियां सो जाती, फिर जागती नै. हँडल कू मोटा, गीला कपडा बांधना. घडी-घडी हात की जगा बदलना." हे तो कुणाला सांगत नाही, असंही म्हणाला.

गावी येऊन मी मंडळाला म्हणालो, हाच खेळ आपण करायचा, विहिरीसाठी. करणार कोण? मी! दोन महिने पहाटे तेर ते ढोकी आणि परत. मग रिंगणात, आधी सहा तास, मग बारा, मग अख्खा दिवस. हँडलला आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं फडकं घडी करून गुंडाळलेलं, दर थोड्या वेळानं भिजवलेलं. माणिकचं काम माझ्यामागं पळायचं, गुळाचं पाणी द्यायचं, फेऱ्या मोजायच्या. तो काटकुळा गडी, माझ्याहून सहा महिन्यांनी लहान, पायडल मारताना जीभ बाहेर काढणारा. फडक्याचं त्यानं एकदा विचारलं तर मी म्हणालो, घामानं हात सरकतो म्हणून. उस्तादाची गोष्ट मी माझ्यापुरती ठेवली होती. बाया मला बघून म्हणायच्या, "गौत्या पाणी आणतोय बरं का!" काय सांगू, त्या दिवसांत मी जमिनीवर चालतच नव्हतो.

आणि खेळाला आठ दिवस राहिले असताना पिंपरीच्या कंपनीचा कॉल आला. आयटीआय करून अर्ज टाकला होता, तो मी विसरूनही गेलो होतो. हजर व्हायची तारीख नेमकी खेळाच्या आधीची. मी बापाला म्हणालो, पुढच्या वेळी जातो. बाप म्हणाला, "नोकरी येष्टीवानी असती. चुकली की चुकली. हीर काय, दुसरं कुणीबी करंल."

दुसरं कुणीबी! आणि हे दुसरं कुणीबी म्हणजे माणिक. "म्या करतो की गौतमच्या जागी," असं तो मंडळात सहज म्हणाला, पाटी उचलायला सांगितल्यासारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

निघायच्या आदल्या दिवशी दिवस मावळताना मी त्याला सायकल दिली. चाकातली हवा बघितली, सीट खाली केली, खायचं-प्यायचं सगळं सांगितलं. शेवटी हँडलचं फडकं सोडायला लागलो. तो म्हणाला, "त्ये का काढतूस?"

"आईचं लुगडं हाय. आठवण म्हणून नेतो."

"ने की," तो म्हणाला. आणि मग विचारलं, "आजून काय सांगायचं ऱ्हायलंय का रं?"

मी म्हणालो, "न्हाय. एवढंच."

सकाळी त्याच फडक्यात आईनं भाकरी बांधल्या.

पिंपरीत पंधरा दिवसांनी बापाचं पत्र आलं, शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरात. माणिकनं पाच दिवस पुरे केले. शेवटच्या दिवशी तेरचं सगळं गाव लोटलं होतं, ज्यांच्या विहिरीवर आमच्या बाया उभ्या राहायच्या तेसुद्धा नारळ घेऊन आले. हलगी वाजली, खांद्यावरून मिरवणूक निघाली. खाली बापाची ओळ: "माणकूनं तुझं नाव राखलं." मी ते पत्र मशीनखालच्या तेलकट भुश्शात टाकून दिलं. माझं नाव? माझं नाव कुणी घेतलं तरी होतं का तिथं? साथीदार पोरं विचारायची, घरी सगळं ठीक ना. मी म्हणायचो, फार ठीक आहे.

पुढं सुरुंग लागले, वस्तीनं खाली उतरून दगड उपसले आणि दोन परस खोल गेल्यावर झरा लागला. आई आपल्या हातानं पोहरा सोडून आपलं पाणी ओढायला लागली. ह्याचा आनंद मला झाला, अगदी झाला, खोटं बोलत नाही. पण वर्षानं रजेवर गेलो तर वस्तीतली बारकी पोरं मला विहीर दाखवायला घेऊन गेली. मला! म्हणाली, "काका, ही माणिककाकाची हीर." मी पाणी प्यालो. गोड होतं, तरी दुसरा घोट मी घेतला नाही.

त्या संध्याकाळी माणिकनं मला चहाचा कप दिला, तेव्हा मी त्याचा उजवा हात बघितला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट तळव्याकडं वाकून बसलं होतं. "तिसऱ्या दिसापास्नं मुंग्या आल्या, त्या काय गेल्याच न्हाईत," तो हसून म्हणाला. सरकारी दवाखान्यात दाखवलं, शेकलं, तेल चोळलं, पण बोटं काही उठली नाहीत. उस्तादाचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं. आणि तरी त्या क्षणी मनाच्या तळाशी काय हललं ते लिहितो, लिहायलाच बसलोय तर: जरा बरं वाटलं. फुकट नाही मिळालं ह्याला, असं वाटलं. मग स्वतःचीच भीती वाटली.

पण लोकांनी त्या बोटांचंसुद्धा कौतुक केलं हो! "हिरीसाठी दिलेली बोटं" म्हणायचे. लग्नात नवरदेव म्हणून तो उभा होता, तरी बायका त्याचे हात बघायला येत होत्या. पुढं गावात दुधाची सोसायटी निघाली, तिथं माप घ्यायला एकमतानं माणिक. "त्या हातानं कमी मोजलं जाणार न्हाय," असं गावातले जुने लोक म्हणायचे. स्वतःच्या म्हशीची धार मात्र त्याला डाव्या हातानं काढावी लागते, आणि म्हैससुद्धा त्याच्या डाव्या हाताला सवयीची झाली. माझी दहाही बोटं धड होती आणि ती बघायला कुणी येत नव्हतं. बायको म्हणायची, "माणिकभावजींचं नाव निघालं की तुमचं तोंड कारलं खाल्ल्यावानी का होतं?" मी म्हणायचो, तुला तसं दिसतं.

आता ह्या वर्षी गावाकडं परत पाऊस नाही. आमच्या कंपनीतल्या कामगारांच्या क्रीडा मंडळानं ठरवलं, दुष्काळी भागातल्या गुरांच्या छावण्यांसाठी मदत गोळा करायची, आणि त्यासाठी कॉलनीच्या मैदानावर चोवीस तास अखंड सायकल. बोलता बोलता ही कल्पनासुद्धा मीच मांडली. नाव पहिलं माझं. वय पस्तीस, पोट थोडं सुटलेलं, पण ड्यूटी सुटली की रोज आकुर्डीपर्यंत आणि परत. पोरी फेऱ्या मोजायच्या. इथं गुळाच्या पाण्याऐवजी ग्लुकोज, हलगीऐवजी लाउडस्पीकर, बनियनवर नंबर आणि स्टॉपवॉच घेऊन बसलेला टाइमकीपर. चोवीस तास म्हणजे पाच दिवसांपुढं पोरखेळ, हे मला कळत होतं. तरीही मी माणिकला लांबलचक पत्र टाकलं. वर्तमानपत्रात फोटो येणार आहे, हेही त्यात घातलं. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच टाकलं होतं.

आठ दिवसांत त्याचं उत्तर आलं. अक्षर पार वेडंवाकडं, कारण तो पेन तीन बोटांत धरतो. एवढं मोठं पत्र लिहायला त्याला किती वेळ लागला असेल, कोण जाणे. सगळ्यांची खुशाली होती, म्हशीची होती, विहिरीला अजून दोन हात पाणी आहे हे होतं. आणि खाली हे होतं:

"एक ध्यानात ठेव. पाय काय दगा देत न्हाईत, बोटं मरत्यात. हँडलला जाड फडकं बांध अन् ते वल्लं ठेव. हात सारखा हलवत ऱ्हा. मला हे लई उशिरा कळलं. तवा आपल्या दोघांलाबी ठावं नव्हतं, न्हायतर तू सांगितलंच असतंस. ते आईच्या लुगड्याचं फडकं असंल तर तेच बांध, मऊ होतं."

मी ते पत्र घेऊन खाली बसलो. पोरींनी विचारलं, कुणाचं आहे. मी पत्राची घडी करून खिशात घातली. बारा वर्षं मी त्याच्या विहिरीचा हेवा केला, हारांचा केला, वाकड्या बोटांचा केला. आणि आता 'न्हायतर तू सांगितलंच असतंस' ह्या त्याच्या एका ओळीचा करत होतो, कारण तशी ओळ माझ्या हातून कधी लिहून झाली नसती.

फडकं पेटीत तळाशी होतं. हिरवा रंग उडाला होता. ते बांधून मी चोवीस तास पुरे केले. टाइमकीपर म्हणाला, हे चांगलं सुचलं, कुणी शिकवलं? मी म्हणालो, माझ्या भावानं. फोटो आला वर्तमानपत्रात. तो मी गावी पाठवला नाही.

लोक विचारतात, गावी आता तुझं काय आहे? आईबाप गेले, घराची भिंत खचली. खरंच, काय आहे? एक माणूस आहे जो बारा वर्षं माझ्याविषयी चांगलंच समजून बसलाय. तेवढंच माझं घर, आणि ते मी खोट्यावर उभं केलंय. त्यात आता मला राहवत नाही.

म्हणून माणिक, हे पत्र एकटा वाचू नकोस. हिरीच्या काठावर बस, वस्तीतल्यांना बोलाव, आणि गुरुजींना मोठ्यानं वाचायला सांग. सोबत फडकं पाठवलंय, ते सगळ्यांना दाखव. तू विचारलं होतंस, आजून काय सांगायचं ऱ्हायलंय का. ऱ्हायलं होतं. मला ठावं होतं, माणिक. मला सगळं ठावं होतं.