शेवाळाचं पेट्रोल

समुद्री शेवाळापासून इंधन बनवणाऱ्या कंपनीत इंधन किती जमतं ते विचारू नका, किस्से मात्र टाक्या भरून जमतात. तळोज्यात आमचा छोटासा प्लांट. आम्ही तीन केमिस्ट आणि आमचे मालक, प्रधान सर.

शेवाळाचा पहिला टेम्पो आला, तेव्हा आम्ही ते गच्चीवर वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कंपनीचा मॅनेजर नाक दाबून हजर. त्यांच्या चिमणीतून पिवळा धूर निघतो, आमचे डोळे चुरचुरतात, आम्ही कधी बोललो नाही. तो म्हणाला, "अहो, वास किती! केमिकल झोन आहे हा, जरा भान ठेवा."

मी उलव्यात राहतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी काकांनी विचारलं, "तू नक्की करतोस काय?"

"शेवाळापासून पेट्रोल."

काकांनी बराच विचार केला. "मग रविवारी पाण्याच्या टाकीत उतर. आपल्याकडे भरपूर आहे."

पावसाळ्यात शेवाळ वाळेना, म्हणून सरांनी ड्रायर आणला. डिझेलवर चालणारा. पैसे गुंतवायला आलेल्या बाईंनी विचारलं, "डिझेल वाचवायला डिझेल जाळता?"

सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, डिझेलला कायमचा निरोप द्यायचा तर त्याला एकदा भेटावं लागतंच."

बाई परत आल्या नाहीत.

मग ठरलं, इंधन चालू राहू दे, जोडीला शेवाळातली महागडी केमिकल्स काढू. जेल निघालं, त्याचा फेस पॅक झाला. पहिला डबा सरांनी घरी नेला. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं, "वहिनी काय म्हणाल्या?"

"म्हणाली, गाडीत घालायचं ठरलं होतं ना? तिथेच घाला."

आणि एकदा आलेले ते दारूबंदी खात्याचे साहेब. शेवाळ आंबवून आम्ही जे इंधन काढतो, ते शेवटी अल्कोहोलच. कोणीतरी तक्रार केली की इथे दारूची भट्टी चालते. साहेब प्लांट सील करायलाच आले, सोबत हवालदार. सरांचा चेहरा उतरला. चांगली नोकरी सोडून त्यांनी हे उभं केलं होतं. हात जोडून ते तासभर समजावत राहिले.

साहेबांनी आवारातला कमरेएवढा ढीग बघितला. "एवढ्यातून किती निघते?"

सरांनी बाटली पुढे केली. अर्धी भरलेली.

साहेबांनी ढिगाकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. मग सील करायला आणलेली लाख आणि सुतळी पिशवीत परत टाकली आणि हवालदाराला म्हणाले, "चल रे. दारू पाडणारा एवढी मेहनत नाही करत."