खळीचा पहिला हात

खळबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात, पुस्तकबांधणीच्या खोलीत, रोज आल्या आल्या त्या शेगडीवर मैद्याची खळ शिजवायला घेत. एका हाताने ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे कसर लागत नाही. त्याने खळीला किंचित निळसर झाक येई. वास कपड्यांत मुरलेला. नवरा म्हणायचा, लोकांच्या बायकांना अत्तराचा वास येतो, माझीला पिठाच्या गिरणीचा.

हे काम त्या वडिलांकडून शिकल्या. वडिलांचं बांधणीचं छोटं दुकान होतं आणि त्यांचा एक हट्ट होता. आपण चिकटवलेलं पुढच्या माणसाला सोडवता आलं पाहिजे, असं ते म्हणत. आपण काही जगातले शेवटचे बांधणारे नाही. म्हणून खळ. वाफ दिली की ती मऊ पडते आणि कागद न फाटता सुटतो.

मग नवं सरकार आलं, आणि त्याच्याबरोबर दुरुस्ती. पुस्तकं कोणी जाळली नाहीत. जाळलं की धूर होतो, लोक बघायला जमतात. वरच्या मजल्यावर तपासनीस बसू लागले. त्यांनी लाल पेन्सिलीने खुणा केलेली पुस्तकं तळघरात येत आणि खुणेच्या मजकुरावर कोरा कागद चिकटवून परत जात. खळबाईंनी ते काम पुस्तकाची फाटकी पाठ सांधावी तसंच केलं. नवऱ्याच्या पायाची जखम भरत नव्हती, पगार एकटीचा होता. कागदाखाली काय जातंय ते त्या वाचत नसत. वाचलं की मन लागतं आणि मन लागलं की हात चुकतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

एका संध्याकाळी खळबाईंच्या घराच्या दारात, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारी नर्स उभी राहिली. ती एक दिवसाआड नवऱ्याचा पाय बांधायला यायची, पण तो तिचा दिवस नव्हता. पदराआड ग्रंथालयाची कादंबरी होती. दूध तापवताना ओट्याशी उभी राहून ती वाचत होती, पातेल्याची वाफ पानाला लागली आणि दुरुस्तीचा कागद आपोआप सुटून आला. आता हे परत कसं करू, माझी नोकरी जाईल, असं ती म्हणाली.

खळबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. नवऱ्यालाच राहवलं नाही. त्याने विचारलं, "खाली होतं तरी काय एवढं?"

"काहीच नाही हो," नर्स म्हणाली. "एक म्हातारा नातवाला सांगतो, की या रुंद रस्त्याच्या जागी पूर्वी नदी होती. बायका तिथे कपडे धुवायच्या. बस." ती जराशी थांबली. "माझी आई हेच सांगायची. नदी होती, नदी होती. आम्ही तिला वेड्यात काढलं. ती जायला टेकली तेव्हासुद्धा मी तिला म्हटलं होतं, आई, आता तरी हे सोड."

खळबाई उठल्या, वाटीभर खळ शिजवली आणि कागद होता तसा बसवून दिला. नर्स गेल्यावर नवरा म्हणाला, "तुला ठाऊक होतं, वाफेने सुटतं ते."

"होतं," त्या म्हणाल्या. "पण मी ते मुद्दाम करत नव्हते." आणि मग भांडी विसळता विसळता, पाठ करूनच, "आता मुद्दाम करीन."

नर्सने कोणाला सांगितलं आणि कोणाला नाही, हे खळबाईंनी कधी विचारलं नाही. पण हळूहळू बायका येऊ लागल्या, मग एखाददुसरा पुरुष. 'जरा शिवण उसवलीय' एवढंच म्हणत आणि पुस्तक पुढे करत. घरी किटलीच्या वाफेवर कागद सोडवून वाचलेलं पान खळबाईंकडून परत चिकटवून घ्यायचं आणि पुस्तक मुकाट्याने ग्रंथालयात द्यायचं. नवरा म्हणायचा, आमच्या गल्लीत चहा इतका कसा वाढला, सरकारने याचा अभ्यास करावा.

पण वर कोणाला तरी संशय आला असावा. एक दिवस तपासनीस स्वतः तळघरात उतरले. टापटीप, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांच्यामागे शिपायाने डबे आणून मांडले. पानांना यापुढे खळ नाही, फक्त पाठीला आणि पुठ्ठ्याला. दुरुस्तीला हा कारखान्याचा डिंक. हा दगडालाही सोडत नाही, असं ते कौतुकाने म्हणाले.

खळबाईंनी रद्दीवर करून पाहिलं. वाळल्यावर कागद ओढला तर खालची अक्षरंच त्याला चिकटून आली. म्हणजे आता जे पान झाकायचं ते कायमचं मरायचं, आणि तेही त्यांच्याच हाताने. रजा टाकावी, नोकरी सोडावी, असं सगळं मनात येऊन गेलं. सोडली तर दुसरं कोणी बसेल आणि डबा उघडेल, एवढाच फरक.

त्या संध्याकाळी नर्स नवऱ्याचा पाय बांधत होती. जखमेवर आधी पातळ जाळी ठेवली, मग चिकटपट्टी. ही जाळी कशाला, असं खळबाईंनी सहज विचारलं. नर्स म्हणाली, नाहीतर पट्टी काढताना कातडीच येईल की हातात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मजकुरावर आधी खळीचा एक पातळ हात दिला, तो वाळू दिला आणि त्यावर कारखान्याचा डिंक लावून कागद बसवला. तपासनिसांनी नखाने कड खरवडून पाहिली. बोट पाण्यात बुडवून चोळून पाहिली. कागद हलला नाही. "आता कसं," ते म्हणाले. खळबाई म्हणाल्या, "हो ना, साहेब." तसंच एक पुस्तक घरी नेऊन किटलीवर धरलं तेव्हा नेहमीपेक्षा वेळ लागला. पण कागद सुटला आणि अक्षरं जागच्या जागी होती.

अशी वर्षं गेली. निवृत्ती जवळ आली तेव्हा मात्र खळबाईंची झोप उडाली. त्यांच्या जागी येणारी होती तपासनिसांची भाची. पोरवयाची नव्हे, चांगली संसारी बाई, नवऱ्याचं काम सुटलेलं. मामाच्या शब्दावर लागलेली. कामाला चोख आणि तोंडाने कमी. तिला सांगावं तर सगळं मामाच्या कानावर जाणार. न सांगावं तर पहिल्याच दिवशी ती डिंकाचा ब्रश थेट पानावर फिरवणार. खळबाईंनी शेवटी बोलायचं नाही, नुसतं शिकवायचं असं ठरवलं.

भाचीच्या लक्षात यायचं ते आलंच. "मावशी, पानाला खळ बंद आहे ना? मग आधी हा हात कशाला?"

"जुना कागद असतो गं. डिंकाने एकदम ताणला की फाटतो."

"मामांना माहीत आहे?"

"मामांनी कधी खळ शिजवलीय?"

भाची हसली नाही. तिने ब्रश घेतला, खळीत बुडवला आणि शिकवल्याप्रमाणे पातळ हात दिला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. शेवटच्या दिवशी खळबाई आपली लाकडी पळी तिथेच ठेवून आल्या.

घरी बसून त्यांनी नवऱ्याला नको नको करून सोडलं. भांड्यांचा आवाज वाढला. तो म्हणाला, एकदा जाऊन बघून ये, निदान कपबश्या वाचतील. मग त्या साध्या वाचकासारख्या ग्रंथालयात गेल्या आणि कपाटातून एक जाडं पुस्तक काढलं. त्यांच्या हातून ते कधी गेलं नव्हतं आणि आता मधल्या पानावर कोरा कागद होता.

किटली ठेवली. नवरा पाय ओढत ओट्याशी आला. वाफ लागत राहिली, कागद हूं की चूं करेना. खळबाईंची बोटं भाजली तरी त्यांनी पुस्तक खाली घेतलं नाही. मग एक कोपरा ओलसर होऊन लवला. त्यांनी तो नखाने उचलला तसा सगळा कागद अलगद हातात आला. पानावर खळीची निळसर झाक होती.

"काय लिहिलंय?" नवऱ्याने विचारलं.

"थांबा, चष्मा आणते," खळबाई म्हणाल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा, झाकलेलं पान त्यांनी खुर्चीत बसून, सावकाश, मोठ्याने वाचलं. संपल्यावर नवरा म्हणाला, परत वाच.

दोन दिवसांनी त्या तळघरात गेल्या. शेगडीवर पातेलं होतं. भाची त्यांच्याच पळीने ढवळत होती.

"शिवण उसवलीय," खळबाईंनी पुस्तक पुढे केलं.

भाचीने ते उघडून पाहिलं, मिटलं आणि टेबलाच्या आतल्या बाजूला ठेवलं. "उद्या न्या, मावशी," ती म्हणाली. "वाळायला वेळ लागतो."

खळबाई दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "आच कमी कर. गुठळी होईल."